स्टार अ‍ॅनालायझर 100 : सव्वा इंची ग्रेटिंग ताऱ्यांबद्दल खरोखर किती सांगते?

पॅटन हॉक्सली या ब्रिटिश कंपनीची स्टार अ‍ॅनालायझर 100 हातात घेतली तर कुठल्याही सव्वा इंची मून फिल्टरसारखीच दिसते. काळी कडी, फिल्टरचे नेहमीचे आटे, मध्ये काच. ट्यूबलाइटकडे धरून जरा तिरकी केली की रंगांचे पट्टे फुटतात, आणि मग लक्षात येते की या काचेत दर मिलिमीटरला 100 रेघा आहेत. प्रकाश असा रंगांत फोडणाऱ्या रेघांच्या काचेलाच ग्रेटिंग म्हणतात. एवढाच माल. बॅटरी नाही, केबल नाही, हलणारा भाग नाही. कडी कॅमेऱ्याच्या नोजपीसला (दुर्बिणीत शिरणाऱ्या नळीला) लावायची, कॅमेरा दुर्बिणीत घालायचा, की ताऱ्याच्या ठिपक्याशेजारी त्याचा वर्णपट, म्हणजे रंगांनुसार उलगडलेला प्रकाशाचा पट्टा, उमटतो.

एवढ्याशा काचेतून ताऱ्यांबद्दल, आणि ताऱ्यांवरून विश्वाबद्दल, नक्की काय हाती लागते? बरेच काही. ताऱ्याचे तापमान, त्याच्या वातावरणातले वायू, भोवतीची तबकडी, सुपरनोव्हाचा प्रकार, आणि जिद्द असेल तर एका क्वेसारची (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राची) ताम्रसृती, म्हणजे त्याच्या रेषांची लालकडे झालेली सरक, सुद्धा. मात्र यातले काहीही 'लावला कॅमेरा, काढला फोटो' या पद्धतीने मिळत नाही. ही वस्तू चांगली आहे, पण तिचा हिशेब आधी समजून घेणाऱ्यालाच ती पावते.

आधी अंतराचा हिशेब

ग्रेटिंग ब्लेझ्ड आहे. म्हणजे रेघांचा उतार एका बाजूला झुकवलेला असतो, त्यामुळे बहुतेक प्रकाश एकाच बाजूच्या पहिल्या क्रमात, म्हणजे ठिपक्याला सर्वात जवळच्या वर्णपटात, जातो आणि दुसऱ्या बाजूचा वर्णपट फिका राहतो. प्लास्टिकच्या स्वस्त फिल्ममध्ये हे नसते. तिथे प्रकाश दोन्हीकडे आणि वरच्या क्रमांत वाटला जातो आणि मंद ताऱ्यांसाठी काही उरत नाही.

सगळा खेळ ग्रेटिंग ते सेन्सर या अंतराचा आहे. 100 रेघांच्या ग्रेटिंगला सूत्र सोपे आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, 100 ने गुणा, अंतराच्या मिलिमीटरने भागा. एका पिक्सेलमध्ये किती अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे माप, मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) येतात ते निघाले. 3.75 मायक्रॉनचा पिक्सेल आणि 50 मिमी अंतर असेल तर 7.5 अँगस्ट्रॉम. साध्या कामाला 7 ते 10 च्या दरम्यानचा आकडा उत्तम.

दुसरा हिशेब लांबीचा. मूळ ठिपक्यापासून 7000 अँगस्ट्रॉमच्या लाल टोकापर्यंतची लांबी म्हणजे अंतर गुणिले 0.07. 50 मिमी अंतराला 3.5 मिमी. 4.8 मिमी रुंदीच्या छोट्या सेन्सरवर ठिपका आणि वर्णपट दोन्ही आरामात बसतात. तेच अंतर 80 मिमी केले तर 5.6 मिमी लागतात आणि ठिपका सेन्सरबाहेर जातो. ठिपका गेला की मोजणीचा शून्य गेला. म्हणून मोठा विस्तार म्हणजे चांगला वर्णपट, हा समज सोडून द्या. छोट्या सेन्सरला 40 ते 55 मिमी, एक इंची सेन्सरला 80 ते 100 मिमी, असे धरून चालावे. अंतर वाढवायला सव्वा इंची एक्स्टेन्शन ट्यूब मिळतात. एखाद्या जुन्या बार्लोची भिंग काढलेली नळीही चालते.

फिल्टर व्हीलमध्ये ग्रेटिंग बसवायची असेल तर सेन्सरपर्यंतचे अंतर जेमतेम 20-30 मिमी उरते. त्या जागेसाठी याच कंपनीची 200 रेघांची एसए200 घ्यावी, तिच्यात विस्तार दुप्पट होतो. बाकी सगळ्यांनी 100 च घ्यावी.

विस्तार (वर्णपट किती पसरतो) आणि विभेदन (जवळच्या रेषा किती वेगळ्या दिसतात) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्यांची गल्लत इथेच होते. या ग्रेटिंगला फट नसते, त्यामुळे ताऱ्याचा फुगलेला ठिपकाच फटीचे काम करतो. 1000 मिमी फोकल लेंग्थच्या दुर्बिणीत, हवेमुळे तारा 3 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) झाला असेल, तर सेन्सरवर तो साधारण 14.5 मायक्रॉनचा असतो. 50 मिमी अंतराला याचा अर्थ 29 अँगस्ट्रॉम. त्यापेक्षा जवळच्या दोन रेषा, म्हणजे ताऱ्यातल्या वायूंनी ठरावीक रंगांवर उमटवलेल्या खुणा, वेगळ्या दिसणार नाहीत, पिक्सेल कितीही बारीक असोत. तीच रात्र, तीच हवा, पण आठ इंची एफ/10 श्मिट-कॅसेग्रेन असेल तर ठिपका दुप्पट मोठा आणि विभेदन निम्मे. अशा दुर्बिणीला फोकल रिड्यूसर लावा किंवा अंतर वाढवा. उलट एफ/4 न्यूटोनियनमध्ये ठिपका छोटा मिळतो, पण वेगाने एकवटणाऱ्या किरणांमुळे वर्णपटात कोमा (एका बाजूला पसरण्याचा दोष) येतो. एफ/5 ते एफ/7 ही सोयीची जागा. साध्या अक्रोमॅट अपवर्तकात निळे टोक माशाच्या शेपटीसारखे पसरते. त्या शेपटीला ग्रेटिंगचा दोष समजू नका, तो भिंगाचा आहे.

बसवताना

आटे घट्ट होतात तेव्हा ग्रेटिंग नेमकी सेन्सरच्या ओळींना समांतर येईल याची खात्री नसते. बहुतेक वेळा वर्णपट तिरका येतो. कडीवर दिशेची खूण असते. ती सेन्सरच्या लांब बाजूकडे आणायची आणि आट्यांवर नळवाल्यांची पांढरी टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळायची, म्हणजे कडी हव्या त्या कोनात घट्ट बसते. दोन-तीन अंशांचा तिरकेपणा सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतो. त्याहून जास्त असेल तर फिरवताना बारीक रेषा पुसट होतात. मूळ ठिपका डावीकडे आणि वर्णपट उजवीकडे अशी रचना ठेवली की पुढची सगळी सॉफ्टवेअर बिनतक्रार चालतात. एकदा जुळले की कडी आणि नोजपीस दोन्हींवर मार्करने रेघ मारून ठेवा.

फोकस हा सगळ्यात जास्त वाया घालवणारा टप्पा. मूळ ठिपका टाचणीसारखा बारीक केला की काम झाले असे वाटते. पण पहिल्या क्रमाचा फोकस मूळ ठिपक्याच्या पातळीवर येत नाही, आणि निळ्याचा व लालचा फोकसही थोडा वेगळा असतो. ठिपका चकचकीत असताना हायड्रोजनची रेषा गायब असेल तर बहुधा हेच कारण. फोकस रेषेवर करायचा. व्याधासारखा पांढरा तारा घ्या, सॉफ्टवेअरमध्ये थेट आलेख चालू ठेवा, आणि हायड्रोजनच्या एच-बीटा रेषेची खळी सर्वात खोल होईपर्यंत फोकसर किंचित-किंचित फिरवा. ठिपका थोडा फुगलेला राहिला तर राहू दे.

इंग्रजी मार्गदर्शिका सुरुवातीला अभिजित ताऱ्याकडे बोट दाखवतात. युरोपातल्या उन्हाळ्यात ते ठीक. आपल्याकडे अभिजित संध्याकाळच्या आकाशात वर असतो तेव्हा ढग असतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या मोसमात व्याध किंवा मिथुनेतला अल्हेना, आणि एप्रिल-मेमध्ये उत्तरा फाल्गुनी, हे तिन्ही ए वर्गाचे (पांढरे, ठळक हायड्रोजनवाले) तारे अभिजितचे काम चोख करतात.

एक्सपोजरचा नियम असा: वर्णपटाचा सर्वात तेजस्वी भाग सेन्सरच्या क्षमतेच्या 70-80 टक्क्यांवर राहिला पाहिजे. मूळ ठिपका जळला तरी फारसे बिघडत नाही, त्याचे केंद्र काढता येते. वर्णपट जळला तर ती फ्रेम फेकून द्या, कारण सपाट झालेल्या शिखरात रेषा उरत नाहीत. 8 बिटचा व्हिडिओ नको, 12 किंवा 16 बिटच्या फिट्स (खगोलचित्रांचा नेहमीचा प्रकार) फाइल हव्यात. गॅमा आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद. कॅमेरा शक्यतो मोनो. रंगीत सेन्सरमध्ये निळ्या-हिरव्या फिल्टरच्या सांध्यावर आलेखात खोटी खळी पडते, आणि ती नेमकी एच-बीटाच्या शेजारी येत असल्यामुळे भल्याभल्यांना फसवते. साध्या डीएसएलआरमधला अवरक्त रोखणारा फिल्टर एच-अल्फाचा बराच प्रकाश खातो, हेही धरून चाला.

पिक्सेलवरून अँगस्ट्रॉमकडे

एक उदाहरण घेऊ. 1280 पिक्सेल रुंदीचा सेन्सर, व्याधाची फ्रेम. मूळ ठिपक्याचे केंद्र 200 व्या पिक्सेलवर आणि ठळक खळी 848 व्या पिक्सेलवर आहे. ती एच-बीटा असेल तर 4861 भागिले 648, म्हणजे पिक्सेलला 7.5 अँगस्ट्रॉम. आता पडताळा. याच मापाने एच-गॅमा, 4340 अँगस्ट्रॉम, 779 च्या आसपास आणि एच-अल्फा, 6563 अँगस्ट्रॉम, 1075 च्या आसपास हवी. दोन्ही जागच्या जागी सापडल्या तर मोजपट्टी बरोबर. बऱ्याच पिक्सेलने चुकल्या तर सुरुवातीची रेषा चुकीची धरली आहे, बहुतेक वेळा एच-गॅमालाच एच-बीटा समजलेले असते. अंतर आणि जुळणी बदलली नाही तर हाच आकडा रात्रभर चालतो. दर ताऱ्याला फक्त ठिपक्याची जागा नवी.

त्याच फ्रेममध्ये 1214 व्या पिक्सेलजवळ, 7605 अँगस्ट्रॉमला, आणखी एक धारदार खळी दिसेल. 6869 ला तिची धाकटी बहीण. या दोन्ही पट्ट्या ताऱ्याच्या नाहीत, आपल्या हवेतल्या ऑक्सिजनच्या आहेत, आणि प्रत्येक ताऱ्याच्या वर्णपटात तिथेच असतात. 7200 च्या आसपास पाण्याची वाफही डोकावते, कोकणात जास्तच. 'ताऱ्यावर ऑक्सिजन सापडला' अशी घोषणा करण्याआधी हे आठवावे. मोजपट्टी तपासायला मात्र त्या फुकटच्या खुणा आहेत.

शेवटची पायरी बरेच जण टाळतात. कच्चा आलेख ताऱ्याचा नसतो, तो तारा, हवा, दुर्बीण, ग्रेटिंग आणि सेन्सर या सगळ्यांचा गुणाकार असतो. ए वर्गाच्या ताऱ्याचा तुमचा आलेख त्याच वर्गाच्या संदर्भ वर्णपटाने भागला, आणि येणारी वक्ररेषा गुळगुळीत केली, की उपकरणाचा प्रतिसाद मिळतो. पुढच्या प्रत्येक आलेखाला त्याने भागायचे. संदर्भासाठी 1998 ची पिकल्स ग्रंथालयातली 131 वर्णपटांची मालिका बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आयती असते. संदर्भ तारा लक्ष्य ताऱ्याच्या उंचीवरच घ्या. क्षितिजाजवळ हवा निळा प्रकाश गिळते, आणि तो फरक न धरल्यास तापमान हजारभर केल्विनने सहज खाली घसरते.

सॉफ्टवेअर: आरस्पेक शिकायला सर्वात सोपे, पण विकतचे आहे आणि विंडोजवरच चालते. 30 दिवसांची चाचणी मिळते, त्यात बरेच उरकता येते. बास प्रोजेक्ट आणि व्हिज्युअल स्पेक फुकट आहेत, त्यांच्यासाठी एखादा रविवार खर्च करायची तयारी ठेवा.

काय दिसते

पहिल्या रात्री तीन तारे पुरेत: व्याध, ब्रह्महृदय, आणि मृगातला काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस. व्याधात हायड्रोजनच्या रुंद खळ्या स्पष्ट. ब्रह्महृदय सूर्याच्या जातीचा पिवळा तारा, त्याचा आलेख जवळजवळ सपाट वाटतो. यंत्र बिघडलेले नाही. त्याच्यात धातूंच्या शेकडो बारीक रेषा आहेत, पण 29 अँगस्ट्रॉमच्या विभेदनात त्या मिसळून जातात. 4300 च्या जवळचा पट्टा आणि 5175 चा मॅग्नेशियमचा खळगा तेवढा ओळखू येतो. काक्षीचा आलेख मात्र पायऱ्या-पायऱ्यांचा: 4954, 5167, 5448, 5847, 6158, 7053 ला टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांच्या कडा. तारा 3500 केल्विनच्या आसपास थंड आहे म्हणूनच त्याच्या वातावरणात रेणू टिकतात.

इथे एक सावधगिरी. व्याधात हायड्रोजन ठळक आणि काक्षीत दिसत नाही, म्हणून काक्षीत हायड्रोजन कमी, असा निष्कर्ष काढू नका. दृश्य प्रकाशातल्या या रेषांसाठी हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर असावा लागतो. तारा थंड असेल तर तो पहिल्या पातळीवरच बसतो, फार तापलेला असेल तर अणू सोडून निघून जातो. साडेनऊ-दहा हजार केल्विनला रेषा सर्वात ठळक. कोणत्या तापमानाला किती अणूंचे आयनीभवन होते याचे गणित मेघनाद साहांनी 1920 मध्ये मांडले. ते वापरून 1925 मध्ये सेसिलिया पेन यांनी दाखवले, की रेषा इतक्या वेगळ्या दिसत असूनही बहुतेक ताऱ्यांची घडण सारखीच आहे आणि त्यात हायड्रोजन आणि हेलियमच प्रचंड बहुसंख्येने आहेत. या तीन आलेखांत जे डोळ्यांना दिसते ते मुख्यतः तापमान आहे.

नंतर उत्सर्जन रेषांकडे वळा. शर्मिष्ठेच्या मधोमध असलेल्या गॅमा ताऱ्यात एच-अल्फा खळीऐवजी सुळक्यासारखी वर येते. वेगाने फिरणाऱ्या या ताऱ्याभोवती वायूची तबकडी आहे, ती चकाकते. ही रेषा अँजेलो सेक्की यांनी 1866 मध्ये टिपली होती. आज नोव्हेंबरच्या रात्री 80 मिमीच्या दुर्बिणीतून, शहरातल्या गच्चीवरूनही ती मिळते. हंसातल्या पी सिग्नीत एच-अल्फा आणि एच-बीटा उसळलेल्या दिसतात, शिवाय 5876 ला हेलियम.

या हेलियमच्या रेषेला आपल्याकडे वेगळेच वलय आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून गुंटूर-मछलीपट्टणकडे गेला, आणि 'हेलियम विजयदुर्गावर सापडला' हे वाक्य त्यावरून फिरते आहे. ते जपून वापरावे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांची निरीक्षणे गुंटूरची, आणि इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसताना इंग्लंडमधून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ही पिवळी रेषा सुरुवातीला सोडियमची वाटली होती. कारण या ग्रेटिंगवर काम करणाऱ्याला लगेच पटेल: सोडियमची जोडी 5890 आणि 5896 ला, हेलियम 5876 ला, म्हणजे वरच्या मांडणीत दोन-अडीच पिक्सेलचा फरक. केवळ जागेवरून दोन्हींत निवाडा करण्याची या काचेची ताकद नाही.

महाराष्ट्रातल्या निरीक्षकाला एक खास मेवा आहे, जो ब्रिटनमधल्या ग्राहकाला घरबसल्या कधीच मिळत नाही. अगस्त्याच्या पूर्वेला व्हेला तारकासमूहात गॅमा व्हेलोरम आहे, प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा लहान तितका तारा तेजस्वी) 1.8. आकाशातला सर्वात तेजस्वी वोल्फ-रायेट तारा हाच, सोबत एक ओ वर्गाचा जोडीदार. पुण्यातून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेला 24 अंशांवर येतो, लंडनमध्ये उगवतच नाही. याने आपले हायड्रोजनचे कवच वाऱ्यात उधळून टाकले आहे आणि आतला कार्बन उघडा पडला आहे. 4650, 5696 आणि 5801-12 ला आयनीभूत कार्बनचे रुंद डोंगर उभे राहतात, 4650 च्या खांद्याला 4686 चे हेलियम चिकटलेले. या ग्रेटिंगला याहून सोपे आणि याहून नाट्यमय लक्ष्य नाही. उंची कमी असल्याने हवेतल्या अपस्करणाने (रंग कमी-जास्त वळण्याने) वर्णपट किंचित वाकतो. त्याची चिंता करू नका, पण प्रतिसादाचा संदर्भ तारा त्याच उंचीवरचा घ्या. दक्षिणेला शहराचा उजेड नसेल अशी जागा मात्र बघावी लागेल.

आकाशगंगेपलीकडे

सुपरनोव्हा हे या कडीचे खरे मोठे काम. आठ इंची दुर्बीण, नीट चालणारे माउंट आणि अंधारी जागा असेल तर फ्रेम साठवून तेराव्या प्रतीपर्यंत पोहोचता येते. टाइप वन-ए सुपरनोव्हात 6150 च्या आसपास सिलिकॉनची खोल खळी दिसते. या रेषेची मूळ जागा 6355. म्हणजे 205 अँगस्ट्रॉमची सरक, सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर वेगाने आपल्याकडे फेकलेला माल. खळी आहे की एच-अल्फाचे शिखर आहे, एवढ्यावरून प्रकार ठरतो. सप्तर्षींजवळच्या एम101 मधला 2011 चा एसएन 2011एफई पहिल्या जातीचा होता, त्याच दीर्घिकेतला 2023 चा एसएन 2023आयएक्सएफ दुसऱ्या. दूरच्या दीर्घिकांची अंतरे आणि विश्वाच्या प्रसरणाचा वाढता वेग ज्या वन-ए स्फोटांवरून काढला, ती जात गच्चीवरून ओळखता येते.

आणि 3सी 273. कन्या राशीतला हा क्वेसार तेराव्या प्रतीहून किंचित तेजस्वी आहे, दिसायला साधा ठिपका. मार्टेन श्मिट यांनी 1963 मध्ये त्याच्या वर्णपटातल्या अनोळखी रेषा हायड्रोजनच्याच असून 0.158 ने सरकल्या आहेत हे ओळखले. त्यानुसार एच-बीटा 4861 वरून 5629 ला जाते: 768 अँगस्ट्रॉम, आपल्या मांडणीत तब्बल 102 पिक्सेल. एवढी सरक कोणालाही मोजता येईल, अडचण प्रकाशाची आहे. एप्रिलच्या चंद्रहीन रात्री, आठ इंचीतून, एक-दोन मिनिटांच्या वीस-तीस फ्रेम साठवा. उत्तरा फाल्गुनी जवळच आहे, संदर्भासाठी तीच घ्या. एच-अल्फा शोधायला गेलात तर ती 7600 ला सापडते, बरोबर हवेतल्या ऑक्सिजनच्या पट्ट्यावर, त्यामुळे शिखर अर्धे चिरल्यासारखे दिसते. मोजणी एच-बीटा आणि 5026 च्या एच-गॅमावरून करा. मिळणारे अंतर दोन अब्ज प्रकाशवर्षांहून अधिक. शेजारच्या ताऱ्याचा वर्णपट क्वेसारवर पडत असेल तर सगळे मुसळ केरात, म्हणून आधी स्टेलॅरियममध्ये चौकट पाहून कॅमेरा कोणत्या कोनात फिरवायचा ते ठरवा.

काय जमत नाही

ताऱ्यांचे त्रिज्यीय वेग (आपल्याकडे येण्याचे किंवा दूर जाण्याचे) जमत नाहीत. एका पिक्सेलची सरक म्हणजे सेकंदाला साडेतीनशे ते साडेचारशे किलोमीटर, आणि आपल्या शेजारचे तारे दहा-वीसने हलतात. म्हणून बाह्यग्रह विसरा, जोडताऱ्यांच्या फुटणाऱ्या रेषाही विसरा. त्यासाठी फटीचा स्पेक्ट्रोग्राफ लागतो आणि त्याची किंमत वेगळ्याच घरात आहे. 7500 च्या पुढच्या भागावर तापलेल्या ताऱ्यांच्या बाबतीत विसंबू नका, तिथे दुसऱ्या क्रमाचा निळा प्रकाश येऊन मिसळतो. पसरट तेजोमेघांचाही उपयोग नाही, एकावर एक चित्रे पडतात. डोळ्याने बघायला घेत असाल तरी निराशा होईल: आयपीसमध्ये काक्षीचे पट्टे दिसतात, बाकी ताऱ्यांची नुसती रंगीत रेघ.

कमी विभेदन म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. युरोपच्या गाया अवकाश दुर्बिणीचे जून 2022 मध्ये जाहीर झालेले सुमारे 22 कोटी वर्णपट 30 ते 100 विभेदनाचे (इथे विभेदन म्हणजे तरंगलांबी भागिले वेगळे दिसणारे सर्वात लहान अंतर) आहेत. वरच्या मांडणीत या कडीला 200 मिळते.

ट्रॅकिंग माउंट नसेल तर ग्रेटिंग जोडकडीने 85 मिमीच्या कॅमेरा लेन्सपुढे लावा आणि ट्रायपॉडवर ठेवा. इथे लेन्सची फोकल लेंग्थ हेच अंतर. युक्ती एवढीच, की वर्णपटाची दिशा उत्तर-दक्षिण ठेवायची. तारा पूर्व-पश्चिम सरकतो आणि वर्णपट आपोआप रुंद होतो. विषुववृत्ताजवळचा तारा 85 मिमीला सेकंदाला सुमारे 6 मायक्रॉन सरकतो, दहा सेकंदांत 15 पिक्सेलची सुरेख पट्टी. दुसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे असे निघतात. शाळेच्या प्रकल्पाला हीच पद्धत सुचवू. सीएफएल आणि ट्यूबलाइटच दाखवायची असेल तर हा खर्च करू नये, त्याला सीडीचा तुकडा पुरतो. तिच्यावर मिलिमीटरला 625 ओळी असतात. दुर्बिणीत मात्र तो तुकडा कामाचा नाही.

कोणी घ्यावी? मोनो प्लॅनेटरी कॅमेरा आणि चालते माउंट आधीच असेल त्याने डोळे झाकून. यापैकी काही नसेल तर आधी ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा खगोल मंडळासारख्या संस्थेत कोणाकडे आहे का विचारा, एका रात्रीत निर्णय होईल. परदेशातून मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच किमतीची तुलना करा. पाकिटावर कोणता क्रमांक आहे ते तपासा, 100 च्या जागी 200 आली तर वरचा सगळा हिशेब दुपटीने बदलतो. पावसाळ्यात ही कडी कॅमेऱ्यावर लावून ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, आणि पुसायची वेळ आली तर आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच लेन्सचे कापड लावा.